पंखांचे उड्डाणशास्त्र : लेखांक सातवा
टोळाच्या बिजागरीतील ठेव

पंखाने हवा खाली लोटली म्हणजे शरीराला वरचा आधार कसा मिळतो, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. परंतु उडणाऱ्या प्राण्याच्या खर्चखात्यातील ती केवळ एक बाब झाली. पंखाला वस्तुमान आहे, म्हणून तो खाली आणताना त्याला वेग द्यावा लागतो, फटकाऱ्याच्या शेवटी तोच वेग मोडून काढावा लागतो, आणि लगोलग उलट दिशेने पुन्हा तितकाच पुरवावा लागतो. वाळवंटी टोळ हा क्रम सेकंदाला सुमारे २० वेळा, आणि तोही तासन्‌तास चालवतो. थांबवलेल्या पंखाची गतिज ऊर्जा प्रत्येक वेळी उष्णता होऊन वाया जाती, तर २०२० च्या मे महिन्यात राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून अमरावती-नागपूरपर्यंत आलेल्या टोळधाडीला एवढा पल्ला गाठणे फारच महागात पडले असते.

डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फॉग यांनी १९६० साली याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. टोळाच्या पंखाच्या बिजागरीत आणि चतुराच्या एका सूक्ष्म कंडरेत त्यांना रबरासारखे एक प्रथिन सापडले. त्याला रेझिलिन म्हणतात. अतिनील प्रकाशाखाली ते निळसर उजळते, त्यामुळे कवचाच्या तपकिरी भागांतून त्याची जागा चटकन ओळखू येते. चतुराची ती कंडरा ताणून कित्येक आठवडे तशीच अडकवून ठेवली आणि मग सोडली, तरी ती मूळ लांबीवर येते. साठवलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९७ टक्के ऊर्जा हे द्रव्य परत करते. पंख वर जाताना बिजागरी व छातीचे लवचिक कवच ताणले जाऊन ऊर्जा जमा होते, आणि खाली येताना स्नायूंच्या मदतीला तीच वसूल होते. इतकी चोख वसुली करणारे दुसरे जैविक द्रव्य क्वचितच आढळेल.

माशीसारख्या कीटकांत हा व्यवहार आणखी सूक्ष्म होतो. फळमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा हलतात, पण तिच्या उड्डाणस्नायूंना मज्जातंतूंकडून येणारे हुकूम त्या मानाने अगदी थोडे असतात. छातीची पेटी व स्नायू मिळून एक कंप पावणारी यंत्रणा बनते, ताणला गेलेला स्नायू आपोआप आकुंचन पावतो, आणि त्याचा ताठरपणा हाही स्प्रिंगचेच काम करतो. फिनलंडच्या सोटावाल्टा यांनी कीटकांचे पंख कापून लहान केले तेव्हा फटकाऱ्यांची गती वाढली, हा मला या कल्पनेचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो, कारण भार घटला की कंपनसंख्या वाढावी, हा स्प्रिंगचाच धर्म होय.

तथापि ठेव म्हणजे सर्व खर्चाची भरपाई नव्हे. डिकिन्सन व लायटन यांनी १९९५ साली फळमाशीच्या ऊर्जेचा हिशेब मांडला, तेव्हा तिच्या स्नायूंची कार्यक्षमता सुमारे १० टक्केच भरली, आणि त्या मानाने स्थितिस्थापक साठ्याची गरजही अल्पच ठरली. थांबणाऱ्या पंखाची बरीचशी ऊर्जा हवा लोटण्याच्या कामीच खर्ची पडते, मग जमा करण्यास उरते ती शिल्लक थोडीच. जड पंखांच्या मोठ्या कीटकांत मात्र हे प्रमाण बदलते. त्याचा विचार पुढील लेखांकी करू.