मेंदूतला ब्रेक : फ्रॅजाइल एक्स आणि डॉ. मार्क बेअर यांचे संशोधन

मूल तीन वर्षांचे झाले तरी नीट बोलत नाही. नाव घेऊन हाक मारली तर बघत नाही. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून रडते, आनंद झाला की पाखरासारखे हात हलवत राहते. अशा वेळी आपल्याकडे आधी दोषी कोण याचा शोध सुरू होतो. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते नात्यात लग्न केले म्हणून असे झाले, आणि शेवटी बोट सुनेकडे वळते. एखादी खाला धीर देते, ‘मुलगे उशिराच बोलतात, थांबा जरा.’ त्या ‘जरा’मध्ये दोन-तीन वर्षे निघून जातात आणि उपचारांचा सर्वांत मोलाचा काळ हातातून जातो.

अशी लक्षणे अनेक कारणांनी दिसू शकतात. त्यांपैकी एका कारणाचा माग शास्त्रज्ञांनी थेट मेंदूच्या पेशीपर्यंत काढला आहे. त्याचे नाव फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे जगभरात सर्वाधिक आढळणारे कारण हेच. ऑटिझमला कारणीभूत ठरणाऱ्या एकेकट्या जनुकांतही त्याचाच क्रमांक पहिला आहे. साधारण चार ते सात हजार मुलग्यांमागे एकाला तो असतो. मुलींमध्ये तो कमी आढळतो आणि बहुधा सौम्य असतो.

हे येते कुठून?

१९४३ साली ब्रिटनमध्ये जे. पर्डन मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या घरातल्या अनेक मुलग्यांची बुद्धी मागे राहिली होती, पण त्यांच्या आया चांगल्या होत्या. याचे कारण सापडायला १९९१ साल उजाडले. एक्स गुणसूत्रावर एफएमआर-१ नावाचे जनुक आहे. त्याच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. बहुतेकांमध्ये तो पंचेचाळीसपेक्षा कमी वेळा असतो. ५५ ते २०० वेळा असेल तर ती व्यक्ती वाहक असते. २०० च्या पुढे गेला की जनुक सहसा बंद पडते आणि एफएमआरपी हे प्रथिन तयार होत नाही.

वाहक आईकडून मुलाकडे जाताना हा तुकडा वाढू शकतो, म्हणून आजार मुलात दिसतो. पण आईला तो कोठून मिळाला? तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून. वाहक बाप हे जनुक आपल्या प्रत्येक मुलीला देतो, मुलग्याला मात्र देत नाही. म्हणजे हुशार, कामधंद्यात यशस्वी झालेले नानाच वाहक असू शकतात. अशा काही पुरुषांचे हात उतारवयात थरथरतात, चालताना तोल जातो. काही वाहक स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आतच बंद होते. घरातल्या या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्नही स्पष्ट करायला हवा. चुलत-मामे भावंडांच्या लग्नामुळे इतर काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरे आहे. फ्रॅजाइल एक्स मात्र त्यामुळे होत नाही. पूर्ण परक्या घराण्यांत लग्न झाले तरी तो येऊ शकतो. आपण कोणते जनुक पुढे द्यायचे हे कोणतीही आई ठरवत नाही, मग तिला बोल लावायचा कशासाठी?

रेस आणि ब्रेक

एक प्रथिन नसल्याने मेंदूत काय बिघडते? अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ डॉ. मार्क बेअर या प्रश्नाकडे वळले ते जरा आडवाटेने. ते आणि त्यांच्या सहकारी किंबर्ली ह्यूबर आठवण आणि शिकण्याची क्रिया अभ्यासत होते. मेंदूच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. निरोप घेणाऱ्या पेशीच्या भिंतीवर तो स्वीकारणारी प्रथिने असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ग्लुटामेट नावाचे रसायन एमग्लूआर-५ या रिसेप्टरवर येऊन बसले की पेशी तिथल्या तिथे नवी प्रथिने तयार करू लागते आणि पेशींमधला जोड कमी-जास्त होतो. शिकणे म्हणजे हीच जोडणी-मोडणी.

एफएमआरपीचे काम या प्रथिननिर्मितीला आवर घालण्याचे. स्कूटरच्या भाषेत सांगायचे तर एमग्लूआर-५ ही रेस आणि एफएमआरपी हा ब्रेक. फ्रॅजाइल एक्समध्ये ब्रेकच नसतो. २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसून आले आणि २००४ मध्ये बेअर, ह्यूबर आणि स्टीफन वॉरेन यांनी ही कल्पना सविस्तर मांडली. त्यातला धाडसी भाग असा, की ब्रेक बसवता येत नसेल तर रेस कमी करून पाहावी.

२००७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील बेअर यांच्या प्रयोगशाळेने ते करून पाहिले. फ्रॅजाइल एक्स असलेल्या उंदरांमध्ये एमग्लूआर-५ चे प्रमाण निम्मे केले. जादा प्रथिननिर्मिती आटोक्यात आली, झटके कमी झाले, पेशींची ठेवण सुधारली. सगळी लक्षणे गेली नाहीत, पण बरीच गेली. जन्मजात म्हणून सोडून दिलेल्या बिघाडावर उपाय असू शकतो, ही आशा जगभरातल्या पालकांना मिळाली. आपल्या देशातही बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २०१० मध्ये मेंदूतील भीतीशी संबंधित भागाचा असाच अभ्यास केला. तिथे औषधाने काही बिघाड सुधारले, काही तसेच राहिले.

आशेची परीक्षा

त्यानंतर नोव्हार्टिस आणि रोश या कंपन्यांनी एमग्लूआर-५ ला आवर घालणारी औषधे माणसांवर तपासली. २०१४ पर्यंत दोन्ही चाचण्या निष्फळ ठरल्या. औषध घेणारे आणि नकली गोळी घेणारे यांच्यात ठरावीक फरक दिसला नाही. नकली गोळी घेणाऱ्यांच्या पालकांनाही सुधारणा जाणवत होती. मुलावरचे प्रेम आणि आशा आपल्या डोळ्यांना असेच दाखवते.

बेअर यांच्या गटाने माघार घेतली नाही. असे औषध रोज दिले की उंदरांचे शरीर त्याला सरावते आणि परिणाम ओसरतो, असे त्यांनी २०२० मध्ये दाखवले. औषध कोणत्या वयात द्यावे, किती काळ द्यावे, रेस वेगळ्या ठिकाणी कमी करता येईल का, याचा शोध सुरू आहे.

त्याआधी २०११ मध्ये याच प्रयोगशाळेने आणखी एक मोलाची गोष्ट दाखवली होती. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारातही पुष्कळ मुलांना ऑटिझम असतो. पण त्याच्या उंदरांमध्ये बिघाड नेमका उलटा निघाला, तिथे प्रथिननिर्मिती कमी पडत होती. म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी दोन मुले आतून एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात. एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारक ठरेल. म्हणूनच ‘ऑटिझमवर एकच रामबाण इलाज’ असे कोणी सांगू लागले की सावध व्हावे. जमीन-दागिने विकून स्टेम सेलचे उपचार करणारी कुटुंबे आपल्या समाजातही आहेत. ऑटिझमसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

आज आपण काय करावे?

फ्रॅजाइल एक्स मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण हात बांधून बसण्याचेही कारण नाही. मूल बोलायला उशीर करत असेल तर आधी कानांची तपासणी करावी, मग बालविकासतज्ज्ञांना दाखवावे. फ्रॅजाइल एक्सची खात्री रक्ताच्या जनुकीय तपासणीने होते. निदान झाले की पुढच्या बाळंतपणाचा विचार करताना आईला आणि तिच्या बहिणींनाही जनुकीय सल्ला घेता येतो.

वाचाउपचार, हाताला वळण देणारी ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षण यांनी मूल पुष्कळ पुढे जाते. चिंता, चंचलपणा किंवा झटके यांवर वेगळी औषधे मिळतात. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता या दोहोंचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढले की निरामय योजनेखाली १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण घेता येते.

दुआ अवश्य करावी, तिने मनाला बळ मिळते. त्याच हातांनी तपासणीची चिठ्ठीही घ्यावी. आणि दादी-नानींना आमची एक विनंती आहे. सुनेला विचारायचेच असेल तर ‘तुझ्या माहेरी कोणाला होते का?’ असे टोचून विचारू नका. ‘डॉक्टरांकडे कधी जायचे? मी येते सोबत,’ असे विचारा.