परक्याच्या सुटकेसाठी

मराठवाड्यात दर वर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे स्मरण केले जाते. धाराशिव जिल्ह्यातही ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी शाळा-कचेऱ्या आपल्या नित्याच्या कामाला लागतात. या स्मरणात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ज्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी बंदिवास भोगला, तिच्या वारसांना आजच्या बंदिवानाविषयी काही वाटते काय? आणि तो बंदिवान आपल्या जातीचा, धर्माचा वा पक्षाचा नसेल, तर?

निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानान्वये पूर्वपरवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई होती. अशा काळात लोहारा तालुक्यातील हिपरगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढील लढ्याची बीजे अशाच शाळांतून पडली. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींसह अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. तत्पूर्वी १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने मुंबईत नागरी स्वातंत्र्य संघ स्थापन झाला होता व रवींद्रनाथ ठाकूर त्याचे अध्यक्ष होते. त्यामागील विचार साधा होता. बंदिवानाचे मत पटो वा न पटो, त्याला आरोप कळला पाहिजे, वकील मिळाला पाहिजे आणि न्यायासनासमोर उभे राहता आले पाहिजे.

या तत्त्वाची कठोर कसोटी याच जिल्ह्यात १९४८ साली लागली. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांच्या आठवणी ताज्या होत्या. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट उसळली. तिच्यात ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता, अशी माणसेही सापडली. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे ठरविले आणि तेथे किमान १८,००० माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज दिला. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे; परंतु तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. संशयावरून अनेकजण तुरुंगात गेले. काल जिल्ह्याचे कलेक्टर असलेले मोहम्मद हैदर हेही गजाआड झाले. जो काल जुलमाचा बळी होता, त्याने आज जुलमाचा संशय असलेल्याच्या न्याय्य चौकशीसाठी उभे राहावे, ही अपेक्षा अवघड खरी. पण हक्क या शब्दाला अर्थ येतो तो येथेच.

आणीबाणीने हाच धडा निराळ्या रीतीने शिकविला. १९७५ ते १९७७ या काळात देशात एक लाखाहून अधिक माणसे स्थानबद्ध झाली. समाजवादी, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आणि जमात-ए-इस्लामीचे कार्यकर्ते एकाच तुरुंगाच्या भिंतीआड आले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना न्यायालयाची दारे बंद केली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी मात्र एकट्याने विरोधी निर्णय दिला. त्याच वर्षी जयप्रकाशांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्यासाठी पक्षातीत संघटना उभी राहिली. सुटका झाली आणि सत्ताही आली. तुरुंगातले ते सहजीवन मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेले.

आजचा बंदिवान बहुधा राजकीय नसतो. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही की अग्रलेख लिहिला जात नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्क्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. अनेकांना जामीन मंजूर होतो. जामीनदार मिळत नाही. सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही, घरची माणसे ऊसतोडीला परमुलखात. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागण्यात आला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमीही नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले; पण त्या निकालाचा आशय खालपर्यंत पूर्णपणे झिरपला, असे म्हणवत नाही. पारध्यांसारख्या जमातींवरील जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला. संशयाच्या नजरेतून तो पुसला गेलेला नाही.

ज्याचे घर फुटले, त्याचा राग खोटा नसतो. गुन्हेगारांची वकिली कशासाठी, हा त्याचा सवालही समजण्यासारखा आहे. परंतु आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, तेव्हा फिर्यादीच्या पदरीही न्याय पडत नाही.

म्हणून आज खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारा कार्यकर्ता हा कागद जाणणारा कार्यकर्ता आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्हे व एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले आरोपी वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. हा काळ मोजणे, अर्ज लिहून देणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार दाखविणे, तहसिलीतून दाखला मिळविणे, ही कामे शिक्षकाच्या, कारकुनाच्या वा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची नाहीत. लेखणी, थोडी चिकाटी आणि परक्या माणसाविषयी किंचित आस्था एवढे भांडवल त्यांना पुरते.

हिपरग्याच्या शाळेचा वारसा नुसत्या भाषणांनी चालणार नाही. जिल्ह्यात ज्याला कोणी विचारीत नाही, अशा एखाद्या बंदिवानाची पुढची तारीख कोणाला तरी ठाऊक असेल, तेव्हाच तो चालू आहे असे म्हणता येईल.