आठवड्याचा एक वार



कारखान्याचा पट्टा पडला, शेवटची मोळी गव्हाणीत गेली, की शेतकरी माणूस जरा श्वास घेतो. खोडव्याची मशागत, लग्नसराई, पाण्याची पाळी ही कामे असतातच. तरीसुद्धा मनात आणले तर आठवड्यातले दोन तास निघतात. हे दोन तास कुठे लावावेत, यासंबंधी या अंकात चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आपल्या कार्यक्षेत्रालगत शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांची एक निवासी शाळा आहे. (हल्ली सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. शब्द कोणताही वापरा, पण मुलाला आधी त्याच्या नावाने हाक मारा, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.) गेली तीन वर्षे आम्ही काही सभासद आणि कारखान्यातले दोघे फिटर तिथे ठरल्या वारी जातो. फार मोठे समाजकार्य करतो असा आमचा दावा नाही. पण जे पाहिले, जे शिकलो, ते आपल्यापर्यंत पोहोचवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

फळे पुष्कळ, हात थोडे

अशा शाळेत पाहुण्यांची वाण नसते. पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाचे वर्षश्राद्ध, १५ ऑगस्ट, दिवाळी. केळी येतात, वह्या येतात, फोटो निघतात. देणाऱ्याची भावना चांगलीच असते, तिला नावे ठेवायची नाहीत. पण एका दिवशी टोपलीभर केळी आणि पुढे महिनाभर कुणी फिरकायचे नाही, हे म्हणजे एकदाच पाट मोकाट सोडून पुन्हा पाळी न देण्यासारखे झाले. उसाला काय लागते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणी बेताचे, पण वेळेवर. पोरांचेही तेच आहे.

पूर्वी खेड्यातला गरीब विद्यार्थी शहरात शिकायला गेला की सात घरी वार लावून जेवत असे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. एका घराने वार चुकवला तर त्या दिवशी पोर उपाशी. आज आपण उलटे करायचे. आपणच शाळेचा एक वार लावून घ्यायचा. बुधवार तर बुधवार. मग त्या वारी मास्तर आपल्याला धरून कामाची आखणी करतात आणि मुलेही वाट बघतात.

काळ बदलला, गरज बदलली

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी अशा शाळांत पोलिओने पाय गेलेली मुले मोठ्या संख्येने असत. आज पोलिओ गेला. आपल्या देशात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दोन थेंबांनी केवढे काम केले पहा!

परंतु शाळा काही ओस पडल्या नाहीत. आता तिथे सेरेब्रल पाल्सीची मुले आहेत, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन ज्यांच्या हातापायांवरचा ताबा गेला अशी. पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष असलेली आहेत. स्नायू दिवसेंदिवस क्षीण होत जाणारी आहेत. कडबाकुट्टीत हात सापडलेली, ट्रॉलीवरून पडलेली अशी आपल्या शेतीवाडीतलीही आहेत. पोलिओचे पोर कुबडी घेऊन स्वतः वर्गात जाई. यातल्या कित्येकांना खुर्चीत बसवण्यापासून घास भरवण्यापर्यंत माणूस लागतो. म्हणून आज वस्तूंपेक्षा माणसांची टंचाई अधिक आहे.

कोल्हापूरचे उदाहरण

हे काम नुसत्या दयेने होत नाही, हे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी दाखवून दिले. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी त्यांना धीर दिला. पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावला वसतिगृह झाले, शाळा झाली. चाकाच्या खुर्च्या आणि इतर साधने बनवण्याची कार्यशाळा झाली, आणि तिथे अपंग माणसेच काम करू लागली. सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचे काम सुरू झाले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या वाचनालयांनी आवर्जून घ्यावे. घेणारा हात उद्या कमावता व्हावा, ही तिथली दृष्टी आहे. सहकारात आपणही हेच म्हणत आलो.

आपल्याला काय जमेल?

‘आम्ही अडाणी माणसे, शाळेत जाऊन काय करणार?’ असे पुष्कळ जण विचारतात. ज्याला ट्रॅक्टरचे पंक्चर काढता येते त्याला खुर्चीचे चाकही दुरुस्त करता येते. पुढची लहान चाके केस-धागे गुंतून अडतात, बेअरिंग कोरडे पडते, ब्रेक ढिला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले घरी जातात, तेव्हा शाळेतच राहिलेल्या खुर्च्या आम्ही उघडून साफ करतो आणि वंगण देतो. आमच्या फिटरांनी स्वच्छतागृहात आधाराचे पाइप बसवून दिले. गवंडीकाम जाणणाऱ्यांनी उतार बांधून दिला. उताराचा हिशेब ध्यानात ठेवा: एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी. त्याहून चढ केला तर मुलाला स्वतः खुर्ची ढकलता येत नाही आणि उतरताना ती पळते.

जूनमध्ये शाळा भरली की कामे वेगळी. वाचून दाखवणे, गणिते घेणे, मैदानात नेणे, जेवताना शेजारी बसणे. आपली शाळकरी मुलेही उपयोगी पडतात. दहावीच्या परीक्षेला ज्याचा हात चालत नाही त्याला बोर्डाच्या परवानगीने लेखनिक घेता येतो आणि दर तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. लेखनिक मात्र खालच्या इयत्तेतला लागतो. आपल्या नववीतल्या पोराने एवढे केले तर एकाचे वर्ष पार पडते.

काही नियम कटाक्षाने पाळावेत. विचारल्याशिवाय मुलाला उचलू नये. एका हाताला धरून तर कधीच ओढू नये. खुर्चीत बसवताना आधी दोन्ही ब्रेक लावावेत आणि पायपाट वर करावी. ज्या मुलांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना बसून बसून जखमा होतात आणि कळतही नाहीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर भार देऊन अंग उचलायची त्यांना आठवण करावी. शाळा आपले ओळखपत्र मागते, त्याचा राग मानू नये. पोरांच्या सुरक्षिततेसाठीच ते आहे. आणि फोटो काढू नयेत.

दम धरणे हेच मोठे काम

सगळ्यात अवघड काम कोणते म्हणाल, तर गप्प बसून वाट बघणे. मूल शर्टाचे बटण लावायला धडपडत असते, आणि नव्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. मास्तर तो हात थांबवतात. तीन बटणांना दहा मिनिटे लागली तरी लागू द्यायची. आपण लावले तर दहा सेकंदांत लागेल, पण मग ते मूल जन्मभर दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहील.

या शाळेत आपल्याच एका सभासदाची मुलगी आहे. जन्मल्यावर ती उशिरा रडली. मान उशिरा धरली, बोलणे स्पष्ट होईना. ‘हिला काही समजत नाही’ असे धरून घरच्यांनी तिला नऊ वर्षांची होईपर्यंत माजघरातल्या खाटेवर सांभाळले. मायेने सांभाळले, त्यात शंका नाही. शाळेत आल्यावर बाईंनी तिच्यापुढे अक्षरांची पाटी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. खाटेसमोरच्या भिंतीवर कॅलेंडर होते. वार आणि महिने वाचायला पोरगी नुसती बघून बघून शिकली होती! आता ती सहावीत आहे. आमचा वार बुधवार. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि एक बुधवार हुकला. पुढच्या खेपेस तिने पाटीवर एकेक अक्षर दाखवत ‘बुधवार’ जुळवला आणि आमच्याकडे बघत राहिली. तेव्हापासून आमच्यातले कुणी वार चुकवायचे नाव काढत नाही.

हंगामात काय करायचे?

खरी परीक्षा गळीत हंगाम सुरू झाला की होते. तोडणीची टोळी दारात असताना शाळेत कोण जाणार? यावर तोड एकच: एकट्याने वार घेऊ नये, पाच जणांनी मिळून घ्यावा. एकाची तोड असली तर दुसरा जाईल. शक्यतो ज्यांना मुले ओळखतात तेच पाच जण आलटून पालटून जावेत. पाणीपुरवठा संस्थेत पाळ्या लावतो, तशा लावाव्यात.

आधी आपला उंबरा

शेवटी एक नाजूक गोष्ट. असे एखादे मूल आपल्या घरात किंवा भावकीत असेल तर त्याला माजघरात ठेवू नका. देवाचा कोप, मागच्या जन्मीचे पाप असले काही नसते. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टरकडे नेले, तर दर आठवड्याच्या प्लॅस्टरने बहुधा सरळ होते. बाळाने मान उशिरा धरली तर ‘होईल हळूहळू’ म्हणून बसू नका. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत. सिव्हिल हॉस्पिटलमधून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उठून त्याचा हिशेब विचारा. भीक मागायची नाही, आपला हक्क विचारायचा आहे.

‘विना सहकार नाही उद्धार’ हे वाक्य आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. एकट्याचा ऊस एकट्याला गाळता येईना, म्हणून आपण कारखाना काढला. एकट्या आईबापाला हे ओझे पेलत नाही, तिथेही तोच न्याय लागू आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव आणि सोयीचा वार लिहून द्यावा. नाव उशिरा दिले तरी चालेल, पण एकदा दिलेला वार पाळावा, एवढीच सर्वांना विनंती.