फुटाला पाव इंच

प्रमाणबद्ध मॉडेल करायचं म्हटलं की लोक आधी खर्च विचारतात. तयार किट महागच. शिवाय त्यात मोजमाप दुसऱ्यानंच केलेलं, म्हणजे निम्मी मजा गेली. त्यापेक्षा स्वतःचं घर मोजा. फुटाला पाव इंच धरा, म्हणजे १:४८. साधन काय, तर पुठ्ठा, ब्लेड, स्टीलची पट्टी आणि फेव्हिकॉल. फसगत होते ती जाडीत. १ मिलिमीटर पुठ्ठ्याचं दार त्या हिशेबानं ४८ मिलिमीटर जाड. घराचं कसलं, किल्ल्याचंच! दाराला जुनी लग्नपत्रिका कापा. ९ इंची भिंतीला मात्र त्याच पुठ्ठ्याचे ५ थर चिकटवा. आमचा वाडा पाडायच्या आठवडाभर आधी मी टेप घेऊन गेलो होतो. आई कुरकुरायची, त्याहूनही स्वयंपाकघर लहान निघालं. मॉडेलमध्ये ते २ इंच बाय दीड इंच आहे.