सायलेन्सर कापण्याआधी

अहमदपुरात जुनी स्पोर्ट्स कार शोधायला जाऊ नका. बालाघाटच्या पठारावरच्या या तालुक्यात वेगाची हौस ज्यांनी केली, त्यांनी ती दोन चाकांवर केली; आणि त्यांच्यातल्या शौकिनांचं दैवत एकच, यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत ही गाडी १९८५च्या अखेरीस भारतात आली आणि मार्च १९९६मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, वजन १०३ किलो. आजच्या साध्या शंभर सीसी गाडीला आठच्या आसपास अश्वशक्ती मिळते आणि वजन याहून जास्तच असतं. आरएक्सचा पिकअप लोक अजून का विसरत नाहीत, हे एवढ्या आकड्यांवरूनही कळतं.

तीस-पस्तीस वर्षांनंतरही या गाड्या चालत्या आहेत, याचं बरंचसं श्रेय घरच्या दुरुस्तीला जातं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेनही नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढाच मुख्य हलता ऐवज. हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टनच्या रिंगा बघायला सवयीच्या हाताला एक दुपार पुरते. गाडी वडिलांकडून मुलाकडे येते आणि सोबत पान्यांचा डबाही येतो.

पण गाडी हाती आली की मुलगा पहिलं काम भलतंच करतो: सायलेन्सरला हात घालतो. कुणी मागचा बफल, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, काढून टाकतो, कुणी आतल्या जाळीला भोकं पाडतो, कुणी नळकांडंच कापून आखूड करतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समज त्यामागे असतो. चौकात माना वळतात, त्यामुळे तो समज पक्काही होतो. प्रत्यक्षात गाडी बऱ्याचदा आधीपेक्षा मंद झालेली असते. टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग आहे. तो कापणं म्हणजे इंजिन कापणं.

व्हॉल्व्ह नसल्यामुळे या इंजिनात जळका धूर बाहेर जाण्याचं आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येण्याचं काम जवळजवळ एकाच वेळी चालतं. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली उतरला की त्या उघडतात, वर चढला की झाकल्या जातात. धुराची खिडकी आधी उघडते आणि उशिरा बंद होते. त्यामुळे आत आलेलं ताजं मिश्रणही धुरामागोमाग बाहेर पडू लागतं. टू-स्ट्रोकचा हा जन्मजात दोष. धूर, वास आणि कमी अ‍ॅव्हरेज या तिन्ही तक्रारींचं मूळ मोठ्या प्रमाणात इथेच आहे.

हा दोष बराच आवरता येतो, आणि तोही एकाही हलत्या भागाशिवाय. धुराची खिडकी उघडताच दाबाची एक लाट पाइपातून पळत सुटते. पाइप जिथे शंकूसारखा रुंदावत जातो, तिथून तिचा काही भाग उलटा होऊन परततो. ही परतलेली लाट दाबाची नसते, ओढीची असते. ती सिलिंडरपाशी पोहोचली की उरलासुरला धूर खेचून घेते आणि मागोमाग ताजं मिश्रणही वर ओढते. ओढीच्या भरात थोडं मिश्रण पाइपात निसटतंच. तोवर मूळ लाट पुढे जाऊन पाइप जिथे पुन्हा निमुळता होतो तिथे आपटलेली असते. विहिरीत हाक मारली की ती जशी परत येते, तशी तिथून मात्र दाबाचीच लाट मागे येते आणि निसटलेलं मिश्रण खिडकी बंद होण्याच्या आत सिलिंडरमध्ये परत ढकलते.

सगळा खेळ वेळेचा आहे. आरएक्सची पूर्ण ताकद ७५०० आरपीएमला मिळते, म्हणजे क्रँक सेकंदाला १२५ फेरे मारतो. एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद लागतात आणि त्यातला साधारण निम्मा वेळ धुराची खिडकी उघडी असते. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या घरात जातो. चार मिलिसेकंदांत लाट कापणार दोन मीटर, म्हणजे जायला एक आणि यायला एक. शंकू कुठे सुरू व्हावा, किती रुंद व्हावा, कुठे मिटावा हे सगळं या हिशेबात बसवावं लागतं. रस्त्यावरच्या गाडीत शर्यतीच्या गाडीइतका टोकाचा आकार नसतो, पण तत्त्व हेच. बफल काढला की पाइपातला दाब बिघडतो. नळकांडं कापलं की लाट चुकीच्या वेळी परतते किंवा नीट परततच नाही. मग उरतो नुसता आवाज. शहरांतले पोलीस असले जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, त्याची कारणं वेगळी असली तरी गाडीचं त्यात काही नुकसान होत नाही.

हे गणित प्रत्यक्षात उतरवणाऱ्या माणसाचं नाव वॉल्टर काडेन. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनीच्या अस्त्रसंशोधनात होता. नंतर पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात त्याने शर्यतीच्या गाड्यांची जबाबदारी घेतली. ऑसिलोस्कोपवर पाइपातल्या लाटा पाहत तो आकार बदलत गेला आणि १९६१पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, लिटरमागे २००. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला. बायको-मुलं मोटारीच्या डिकीत लपून सीमेपार आली होती. एमझेडचं तंत्र त्याने सुझुकीला नेऊन दिलं आणि १९६२मध्ये सुझुकीवरून ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. काडेन मात्र चोपाऊतच राहिला. यातली गंमत म्हणजे यामाहाची पहिली मोटरसायकल, १९५५ची वायए-१, ही डीकेडब्ल्यू आरटी १२५ या जर्मन गाडीची नक्कल होती आणि ती मूळ गाडी घडली चोपाऊच्याच कारखान्यात. जपानी म्हणून मिरवणाऱ्या आरएक्सच्या वंशावळीत हे जर्मन गाव असं मागच्या दाराने येतं.

आता घरच्या कामाकडे वळू. आरएक्स ‘उचलेना’ झाली की लोक आधी कार्बोरेटर उघडतात, कारण तो हाताशी असतो. मी आधी सायलेन्सर बघेन. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, पण पूर्ण जळत नाही. त्याचा चिकट काळा थर बफलवर, पाइपात आणि धुराच्या खिडकीच्या कडेला बसतो. खिडकी अरुंद झाली की ज्या गणिताबद्दल आपण बोललो ते बिघडलंच. बोल्ट काढून बफल मागून ओढून काढता येतो. काही जण तो थेट शेकोटीत टाकतात. थर जळतो खरा, पण पूर्ण सायलेन्सर असा भाजला तर क्रोम निळं पडतं आणि पुढे पोपडे धरतं.

कॉस्टिक सोडा हा त्याहून बरा उपाय आहे. तो ऑइलचा चिकटपणा मोडतो, त्यामुळे सोड्याच्या पाण्याच्या बादलीत बफल रात्रभर बुडवून ठेवला की कार्बन सैल होऊन ब्रशने निघतो. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना तो इतकी उष्णता सोडतो की पाणी उसळून अंगावर येऊ शकतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि काम अंगणात. पिस्टन, हेड किंवा कार्बोरेटर यातला एकही भाग मात्र त्या बादलीत जाता कामा नये. लोखंडाला सोडा काही करत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र तो खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो, जो ठिणगीने पेटतो. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन लाकडी पट्टीने खरवडावा. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडे पडतात आणि पुढचा थर तिथेच पक्का धरतो.

एवढं झाल्यावरही गाडी तापत असेल, तर संशय पेट्रोलवर घ्यावा. २०२५पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वत्र मिळतं. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. उसाचा एक रस्ता आता साखरेऐवजी डिस्टिलरीकडे जातो. पण १९९०च्या कार्बोरेटरला हे कुणी सांगितलेलं नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, मात्र जुन्याच मापाचं इंधन सोडतो, त्यामुळे हवा जास्त आणि इंधन कमी असं कोरडं मिश्रण तयार होतं. फोर-स्ट्रोक गाडी यावर थोडी कुरकुरते. टू-स्ट्रोकमध्ये येणारं मिश्रणच पिस्टनला थंड ठेवतं. उन्हाळ्यात पूर्ण रेसवर ताणलेली गाडी जाम होते ती अशी.

इथेनॉल पाणीही धरतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि टाकीत ओल शिरली, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. नेमकं तेच पहिल्यांदा कॉकमधून खाली येतं. ज्यांनी ऑइल पंप काढून ऑइल थेट टाकीत मिसळायला सुरुवात केली आहे, त्यांना हे जास्त नडतं, कारण त्या तळाच्या थरात ऑइल फारसं नसतं. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, मऊ पडतात. त्या एकदाच बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करावी.

मिश्रण कोरडं आहे की नाही, हे प्लग सांगतो. नांदेड-लातूर महामार्गावर मोकळा, सरळ पट्टा गाठावा. गाडी मर्यादेतच पण चांगल्या रेसवर दोन-तीन किलोमीटर चालवावी, मग क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करावं आणि कडेला थांबून प्लग काढावा. चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा दिसला तर जेट बरोबर. काळा आणि ओला असेल तर इंधन किंवा ऑइल जास्त. पांढरट कोरा असेल तर मेन जेट एका नंबरने मोठा घालावा. अर्ध्या रेसवर तीच तक्रार असेल तर कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर उचलली जाऊन पेट्रोल जास्त सुटतं. आणि जेट हाताशी नसेल तर तोवर रेस न देता, सावकाश घरी यावं.