पडद्यामागची पडताळणी
संगणकाचा पडदा सहसा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. चित्र कुठून उचलायचे, कधी दाखवायचे हे हार्डवेअरला समजावणारा दुभाषा म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर.

त्याच्या कोडमधला बदल तपासणारा माणूस मुद्दाम खुसपट काढायलाच बसलेला असतो. नव्या चित्राचा मेमरीतला पत्ता दोन चित्रांमधल्या फटीतच लिहिला जातो ना? नाहीतर वर जुने चित्र आणि खाली नवे, असा चिरलेला पडदा दिसतो. केबल मध्येच उपटली तर? मेमरी मिळाली नाही, तर आधी घेतलेले परत केले का? अशा आडवाटांवरचा कोड क्वचितच चालतो, त्यामुळे चुका तिथेच दबा धरून बसतात.

पण कधी आक्षेप ओळींवर नसतो, घडणीवरच असतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीने लिनक्ससाठी सुमारे ९३ हजार ओळींचा डिस्प्ले कोड पुढे ठेवला. डिसेंबरमध्ये सुधारित रूप आले, तेव्हा लिनक्सचा ग्राफिक्स विभाग सांभाळणाऱ्या डेव्ह एअरली यांनी साफ नकार दिला. इतर प्रणालींवरही तोच कोड वापरता यावा म्हणून कंपनीने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि हार्डवेअर यांच्यामध्ये स्वतःचा थर घातला होता. उद्या कर्नलची चौकट बदलायची झाली, तर हा गुंता सोडवणार कोण? नकार कडू होता, पण रास्त.

मग बरीच डागडुजी झाली आणि जानेवारी २०१८ च्या लिनक्स ४.१५ मध्ये तो कोड सामावला गेला. गंमत म्हणजे तोवर ओळी १ लाख ३० हजारांच्या घरात पोचल्या होत्या.