बेसबॉलची ओळख : भाग ७
हात उचलण्याआधी

मागच्या भागात आपण स्ट्राइक झोन समजून घेतला. या आठवड्यात पाहू अंपायरचे हात, आणि ते उचलण्याआधी त्याने करायचे काम.

मूळ खुणा मोजक्याच आहेत. आउट देताना उजव्या हाताची मूठ वळून, खिळ्यावर हातोडी मारावी तशी, समोर हाणायची. सेफ देताना दोन्ही हात छातीपासून बाजूंना आडवे पसरायचे, तळवे जमिनीकडे. स्ट्राइकला उजवा हात. बॉलला हाताची खूण नाही, ओणव्या स्थितीतच तोंडाने ‘बॉल’ म्हणायचे.

नवख्यांचा गोंधळ होतो तो फेअर (रेषांच्या आतला चेंडू) आणि फाउलमध्ये (रेषांबाहेरचा). फाउल असेल तर दोन्ही हात डोक्यावर उचलून मोठ्याने ‘फाउल’ पुकारायचे. चेंडू फेअर असेल तर मैदानाच्या आतल्या बाजूला फक्त हात दाखवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. पळणाऱ्या खेळाडूला हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात आणि अंपायर ओरडला की तो थांबतो. फाउल समजून सगळेच थबकले, की अर्धवट राहिलेला खेळ नंतर नीट जुळवता येत नाही.

क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय अंपायर कुणाला बाद देत नाही. बेसबॉलमध्ये बेसवरचा निर्णय बहुतेक वेळा कुणी न विचारताच द्यावा लागतो, म्हणून घाईचा मोह फार. त्यावर उपाय एकच : पळत जागा गाठा, खेळी घडण्याआधी पूर्ण थांबा, डोके स्थिर ठेवा, शेवटपर्यंत पाहा आणि मगच हात उचला. धावत्या माणसाची नजर हलते, आणि हलत्या नजरेला अर्ध्या पावलाचा फरक कळत नाही.

फर्स्ट बेसवर हे नेमके कसे करायचे? बेसपासून साधारण पंधरा ते अठरा फुटांवर, थ्रो जिकडून येतोय त्या दिशेशी काटकोन साधून उभे राहायचे. थ्रो सरळ येतोय याची खात्री झाली, की नजर बेसवर न्यायची आणि कान ग्लोव्हकडे लावायचे. डोळ्यांनी पाय पाहायचा, कानांनी चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज टिपायचा. मग चेंडू हातात पक्का आहे ना, हे बघून निर्णय द्यायचा.

हे गणित चुकले तर काय होते, ते २६ ऑक्टोबर १९८५ रोजी कॅन्सस सिटीत दिसले. वर्ल्ड सिरीज या अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, शेवटची इनिंग, सेंट लुईस कार्डिनल्स १-० ने पुढे. यजमान कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्हे ओर्टाने मारलेला चेंडू जॅक क्लार्कने उचलला आणि बेसवर धावत आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे टाकला. ओर्टा आउट होता. फर्स्ट बेसचे अंपायर डॉन डेंकिंगर यांनी त्याला सेफ दिले. कारण पुढे त्यांनीच सांगितले. ते बेसच्या फार जवळ होते. उंचापुऱ्या वॉरेलने चेंडू वरच्यावर घेतला, त्यामुळे ग्लोव्ह आणि पाय एका नजरेत मावेनात. थ्रो हळुवार होता आणि गलक्यात ग्लोव्हचा आवाजही आला नाही. रॉयल्सनी तो सामना २-१ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही.

डेंकिंगर यांची खूण कुणालाही समजली असती. चुकली होती ती उभे राहण्याची जागा. स्पष्ट खूण हा अंपायरचा प्रेक्षकांशी आणि खेळाडूंशी असलेला प्रामाणिकपणा आहे, पण तो निभावायचा तर आधी पायांनी आणि नजरेने आपले काम चोख करायला हवे. शिकणाऱ्यांनी आरशासमोर खुणांचा सराव जरूर करावा. त्याच्या दुप्पट वेळ मात्र धावत येऊन थांबण्याच्या सरावाला द्यावा.

पुढच्या भागात : मैदानात दोनच अंपायर असतील तर चार बेसची राखण कशी वाटून घ्यायची?